कौंटी न्यायालयांची दप्तरे : स्थानिक इतिहासाचे व कुलवृत्तान्ताचे एक साधन

राजे, सेनानी आणि मुत्सद्दी ह्यांच्या चरित्रकारास साधनांची वानवा सहसा भासत नाही. त्यांच्या मागे पत्रे राहतात, तहनामे राहतात, स्तुतिपर काव्येही राहतात. एखाद्या गावातील शेतकरी, त्याच्याकडे राबणारा नोकर, त्या नोकराची पत्नी ह्यांचा माग काढू पाहणाऱ्याची स्थिती निराळी असते. ह्या माणसांनी स्वतः काही लिहिलेले नसते. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुधा दोन ठिकाणी, कर घेणाऱ्याच्या वहीत आणि न्यायालयाच्या वहीत. पहिल्या वहीत नाव आणि आकडा ह्यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. दुसरीत मात्र माणसे बोलताना आढळतात. ती काय बोलली हा एक प्रश्न, आणि ते बोलणे कोणी व कोणत्या कारणाने लिहून ठेवले हा दुसरा. ह्या दोहोंची गल्लत झाली की कुलवृत्तान्त बिघडतो. उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया ह्या इंग्रज वसाहतीच्या कौंटी न्यायालयांची दप्तरे ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. ती विपुल आहेत, त्यांतील बराच भाग छापून निघाला आहे, आणि त्यांच्या आधारे काढलेल्या निष्कर्षांची वेळोवेळी फेरतपासणीही झाली आहे.

व्हर्जिनियातील पहिली टिकाऊ वसाहत १६०७ मध्ये जेम्सटाउन येथे झाली. १६३४ मध्ये वसाहतीचे आठ विभाग पाडण्यात आले. इंग्लंडातील शायरच्या धर्तीवरचे हे विभाग पुढे कौंटी ह्या नावाने रूढ झाले. आपल्याकडील परगण्याशी त्यांची ढोबळ तुलना करता येईल. चेसापीक उपसागराच्या पूर्वेकडील अ‍ॅकोमॅक हा त्यांपैकी एक. १६४३ मध्ये त्याचे नाव नॉर्थॅम्प्टन झाले, आणि १६६३ मध्ये त्याचा उत्तरेकडील भाग अ‍ॅकोमॅक ह्याच जुन्या नावाने वेगळा निघाला. नावांची ही अदलाबदल लक्षात न घेतल्यामुळे नवख्या अभ्यासकाने भलत्याच कौंटीच्या वह्या चाळाव्यात, हे प्रकार घडतात. ह्या कौंटीच्या न्यायालयाचे दप्तर १६३४ च्याही आधी सुरू होते. ते ईस्टव्हिल येथे जतन केलेले असून अमेरिकेत अखंड राहिलेल्या कौंटी दप्तरांत सर्वांत जुने म्हणून त्याची ख्याती आहे. त्यातील १६४० पर्यंतचा भाग सूझी एम्स ह्यांनी संपादून १९५४ मध्ये, व त्यापुढील १६४५ पर्यंतचा भाग १९७३ मध्ये प्रसिद्ध केला.

त्या दप्तरातील पहिली नोंद १६३२ च्या जानेवारीची आहे. आजच्या गणनेने ते वर्ष १६३३ होय. इंग्लंड व त्याच्या वसाहती ह्यांत १७५२ पर्यंत कायदेशीर वर्षारंभ २५ मार्च रोजी होत असे. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बहुतेक भाग मागील वर्षात मोजला जाई. जन्म डिसेंबर १६५४ मध्ये आणि नामकरण फेब्रुवारी १६५४ मध्ये, अशी नोंद पाहून लेखनिकाची चूक झाली असे समजण्याचे कारण नाही.

न्यायालय ह्या शब्दाने आजच्या वाचकापुढे जे चित्र उभे राहते ते येथे फारसे उपयोगी पडत नाही. कौंटी न्यायालयात बसणारे कमिशनर, ज्यांस पुढे जस्टिस ऑफ द पीस म्हणू लागले, हे त्या भागातील मोठे तंबाखूचे मळेवाले असत. कायद्याचे रीतसर शिक्षण त्यांपैकी थोड्यांनाच झालेले असे. कर्जाचे दावे, अब्रूनुकसानीच्या तक्रारी, मालक व सेवक ह्यांचे तंटे त्यांच्यापुढे येत; पण मृत्युपत्रे दाखल करून घेणे, पोरक्या मुलांच्या मालमत्तेवर देखरेख ठेवणे, जमिनीचे खरेदीखत नोंदवणे, करपात्र माणसांची यादी करणे, रस्ते दुरुस्त करण्यास माणसे नेमणे, लांडगा मारणाऱ्यास बक्षीस देणे, गुरांच्या कानांवर कोणी कोणती खूण करावी ह्याची नोंद ठेवणे, ही कामेही त्यांचीच होती. दंड आणि देणी पुष्कळदा तंबाखूच्या पौंडांत सांगितलेली आढळतात. स्वतंत्र माणसांवरील देहदंडाचे खटले मात्र राजधानीच्या जनरल कोर्टाकडे जात. तात्पर्य, जे न्यायालय तेच कचेरी, तेच नोंदणीखाते. म्हणूनच आयुष्यात कधी तंटा न केलेला मनुष्यही त्याच्या वह्यांत कोठे ना कोठे सापडण्याचा संभव असतो.

असे असले तरी ह्या वह्या समाजाचा आरसा नव्हेत. प्रत्येक नोंदीमागे कायद्याची काही गरज उभी असते, आणि ती गरज ओळखल्यावाचून नोंद वाचता येत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडातून आलेले बहुसंख्य लोक करारबद्ध सेवक होते. प्रवासखर्चाच्या बदल्यात काही वर्षे राबण्याचा त्यांचा करार असे. काही, विशेषतः मुले, करारपत्रावाचून येत. १६६६ च्या कायद्याप्रमाणे असा सेवक एकोणीस वर्षांहून लहान ठरला तर त्याने चोवीस वर्षांचा होईपर्यंत सेवा करावयाची, आणि एकोणीस किंवा अधिक वयाचा ठरला तर पाच वर्षे. वय ठरवण्यासाठी मालक त्यास न्यायालयापुढे उभा करी, आणि कमिशनर त्याच्याकडे पाहून वय सांगत. चौदा वर्षांचा ठरलेला मुलगा दहा वर्षे राबणार, सोळाचा ठरलेला आठ. मालकाचा लाभ वय कमी ठरण्यात होता. अशा नोंदीतील वयावरून जन्मवर्ष काढणारा वंशावळीकार वस्तुतः मुलाचे वय मोजत नसून कमिशनरांचा अंदाज मोजत असतो, आणि त्या अंदाजाकडे मालक आशेने पाहत उभा होता हेही त्यास विसरून चालत नाही.

सेवक स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रकार अधिक बोचतो. सेवेच्या मुदतीत अविवाहित स्त्रीस मूल झाले तर १६६२ च्या कायद्याने तिने मालकाची दोन वर्षे अधिक सेवा करावी किंवा दोन हजार पौंड तंबाखू भरावा. परिणामी शेकडो स्त्रिया दप्तरात एकदाच आणि त्याच प्रसंगी दिसतात. मालकास वाढीव सेवा हवी म्हणून तो तक्रार करतो, आणि तेवढ्यापुरते तिचे नाव लिहिले जाते. ह्या नोंदींची बेरीज करून त्या समाजाच्या नीतिमत्तेविषयी विधाने करण्याचा मोह अनेकांस झाला. पण ज्या कायद्यात तक्रार करणाऱ्याचा प्रत्यक्ष लाभ आहे त्या कायद्याखालील नोंदी भरपूर असावयाच्याच.

जमिनीच्या संबंधातही असेच आहे. वसाहतीत माणूस आणणाऱ्यास माणशी पन्नास एकर जमीन मिळे. त्यासाठी आणलेल्या माणसांची नावे देऊन कौंटी न्यायालयाकडून दाखला घ्यावा लागे. ह्या यादीतील नाव म्हणजे पूर्वजाच्या आगमनाचा पुरावा, आणि दाखल्याचे वर्ष म्हणजे आगमनाचे वर्ष, असे आजही कित्येक कुलवृत्तान्तांत लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात हा हक्क विकता येत असे, वर्षानुवर्षे राखून ठेवता येत असे, आणि एकाच माणसाच्या नावावर तो दोनदाही मागितला जाई. दाखल्यावरून एवढेच निश्चित होते की तो मनुष्य त्या तारखेपूर्वी केव्हा तरी आला होता. तशा नावाचा मनुष्य खरोखर होता, एवढे अर्थातच गृहीत धरून.

भाषेच्या अभ्यासकास ह्या दप्तरांत आणखी एक अडचण दिसेल, आणि ती इतिहासकारांच्या नजरेतून पुष्कळदा निसटते. शब्द ओळखीचे असतात. अर्थ बदललेले असतात. सतराव्या शतकातील इंग्रजीत ‘कझिन’ हा शब्द पुतण्या, भाचा, भाची ह्यांनाही लावला जाई. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई असेलच असे नाही. पत्नीचा पहिल्या पतीपासूनचा मुलगाही त्याच नावाने ओळखला जाई, आणि सावत्र बापास ‘फादर-इन-लॉ’ म्हणत. ‘सीनियर’ व ‘ज्युनियर’ ही उपपदे पितापुत्रांचीच असत नाहीत. एकाच भागात एका नावाचे दोघे राहत असले तर वयाने मोठा तो सीनियर. त्याच्या मृत्यूनंतर धाकटा सीनियर होई, आणि नवा कोणी ज्युनियर त्याची जागा घेई. मृत्युपत्रात ‘माझी सध्याची पत्नी’ असे म्हटले म्हणजे पूर्वी दुसरी पत्नी होती असे सिद्ध होत नाही. ही वारसाहक्काच्या दृष्टीने घातलेली वकिली खबरदारी असे. पोरके ह्या अर्थाचा ‘ऑर्फन’ हा शब्द बाप वारलेल्या मुलास लागे, आई हयात असली तरी, कारण न्यायालयास काळजी मुलाच्या मालमत्तेची होती. ‘मिस्टर’ हे आज कोणाही पुरुषास लागणारे उपपद तेव्हा प्रतिष्ठितांपुरते राखलेले होते. ते एखाद्याच्या नावामागे कोणत्या वर्षी लागले व कोणत्या वर्षी गळाले ह्यावरून त्या घराण्याची चढउतार वाचता येते. आणि सहीच्या जागी खूण केली म्हणजे मनुष्य अगदी निरक्षर, हेही खरे धरता येत नाही. त्या काळी वाचन आधी शिकवीत, लेखन मागाहून; ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले त्यांस वाचता येई, लिहिता येत नसे.

ही सर्व पथ्ये एका प्रकरणात एकत्र पाहावयाची तर नॉर्थंबरलंड कौंटीतील एलिझाबेथ के हिच्या दाव्याकडे वळावे लागेल. एलिझाबेथ ही टॉमस के ह्या इंग्रज गृहस्थाची एका आफ्रिकी स्त्रीपासून झालेली मुलगी. १६३६ मध्ये बापाने तिला हंफ्री हिगिन्सन ह्याच्या स्वाधीन नऊ वर्षांच्या कराराने केले. नऊ वर्षे संपली तरी तिची सुटका झाली नाही. पुढे ती कर्नल जॉन मॉट्रम ह्याच्याकडे गेली. मॉट्रम वारल्यावर त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांनी तिला मालमत्तेचाच भाग मानले. तिने न्यायालयात धाव घेतली. तिच्या वतीने विल्यम ग्रिन्स्टेड नावाचा इंग्रज उभा राहिला. जानेवारी १६५५ मध्ये, म्हणजे आजच्या गणनेने १६५६ मध्ये, कौंटीच्या ज्यूरीने ती स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला. जनरल कोर्टाने तो फिरवला. प्रकरण वसाहतीच्या असेंब्लीपर्यंत गेले, आणि तिच्या समितीचे मत एलिझाबेथच्या बाजूने पडले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कौंटी न्यायालयाने तिचे स्वातंत्र्य मान्य केले. २१ जुलै १६५६ रोजी तिच्या व ग्रिन्स्टेडच्या विवाहाची जाहीर सूचना त्याच दप्तरात नोंदलेली आहे.

दाव्याचा सारा भर एका प्रश्नावर होता : तिचा बाप कोण? कागद कोणताच नव्हता. जबान्या मात्र होत्या. एलिझाबेथ न्यूमन नावाच्या, सुमारे ऐंशी वर्षांच्या वृद्धेने सांगितले की ही मुलगी के ह्याची हे सर्वांस ठाऊक होते. दासीस गरोदर केल्याबद्दल त्यास ब्लंट पॉइंटच्या न्यायालयात उभे करून दंडही झाला होता. ज्या भागात ब्लंट पॉइंट येते त्या वॉरिक कौंटीची त्या काळची दप्तरे आज शिल्लक नाहीत. एका न्यायालयाने केलेला दंड दुसऱ्या कौंटीतील एका वृद्धेच्या आठवणीत राहिला, आणि ती आठवण तिसऱ्याच कारणासाठी लिहून घेतली गेली म्हणून इतिहासास कळली. दुसऱ्या एका साक्षीदाराने उलट वार्ताही सांगितली : मुलीचा बाप कॅप्टन मॅथ्यूज ह्याच्याकडील एक तुर्क असल्याचे म्हणे के स्वतःच सांगत असे. दंड टाळू पाहणाऱ्या माणसाने असे म्हटले असणे अशक्य नाही. साक्षीदारांची सामाजिक दृष्टी त्यांच्या शब्दांतही उतरली आहे. एकाच स्त्रीस कोणी मिश्रवंशीय ह्या अर्थाचा ‘मुलाटो’ हा शब्द लावतो, कोणी सरळ ‘निग्रो’. नावांची स्थिती ह्याहून निराळी नाही. के, केय, की अशी बापाच्या नावाची आणि ग्रिन्स्टेड, ग्रीनस्टेड अशी पतीच्या नावाची रूपे लेखनिकागणिक बदलतात. ती वेगवेगळी घराणी नव्हेत. लेखनिकाने कानावर पडले तसे लिहिले, आणि आडनावाचे ‘शुद्ध’ रूप ही कल्पनाच अद्याप रूढ झालेली नव्हती.

एलिझाबेथच्या बाजूने मुख्यतः तीन मुद्दे मांडले गेले. इंग्रजी परंपरेप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरतो; तिचा बाप्तिस्मा झालेला आहे; आणि कराराची मुदत केव्हाच उलटली आहे. डिसेंबर १६६२ मध्ये असेंब्लीने कायदा केला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. १६६७ मध्ये दुसरा कायदा झाला की बाप्तिस्म्याने गुलामाच्या स्थितीत फरक पडत नाही. ज्या दोन दारांनी ती बाहेर पडली ती दोन्ही तिच्या मागे अकरा वर्षांत बंद झाली. कायद्याच्या संग्रहात ही दोन कलमे नुसती वाचली तर ती तत्त्वचर्चेसारखी भासतात. नॉर्थंबरलंडच्या वहीशेजारी ठेवून वाचली तर ती कोणाविषयी आहेत ते दिसते. विल्यम हेनिंग ह्याने १८०९ ते १८२३ ह्या काळात तेरा खंडांत छापलेला व्हर्जिनियाच्या कायद्यांचा संग्रह आणि कौंटीची वही ही एकमेकांवाचून वाचू नयेत, असे म्हणण्याचे कारण हेच.

नॉर्थॅम्प्टनच्या दप्तरातील अँथनी जॉन्सन ह्याचे प्रकरण अधिक प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच त्याचा दुरुपयोगही अधिक झाला आहे. १६२५ च्या गणतीत ‘अँटोनिओ, निग्रो’ अशी एका माणसाची नोंद आहे. तो १६२१ मध्ये आला असे तीत म्हटले आहे. पुढे नॉर्थॅम्प्टनमध्ये अँथनी जॉन्सन हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी दिसतो. १६५१ मध्ये पाच माणसांच्या हक्कावर त्यास अडीचशे एकर जमीन मिळाली. १६५३ मध्ये आगीने त्याचे मोठे नुकसान झाले, तेव्हा न्यायालयाने त्याची पत्नी मेरी व दोन मुली ह्यांस जन्मभरासाठी करमुक्त केले. ह्या सवलतीचे वजन कळण्यास १६४३ चा कायदा ठाऊक असावा लागतो. त्या कायद्याने आफ्रिकी स्त्रियांस करपात्र ठरवले होते, इंग्रज स्त्रियांस नव्हे. न्यायालयाने त्या तिघींस, निदान कराच्या वहीत, इंग्रज स्त्रियांच्या पंक्तीस बसवले.

ह्याच दप्तरात १६४५ ची एक जबानी आहे. अँथनी नावाच्या निग्रोने शेताची वाटणी झाल्यावर समाधान व्यक्त केले की आता आपली जमीन कोणती ते आपल्यास कळले. वाटेल तेव्हा काम करू, वाटेल तेव्हा खेळू. टी. एच. ब्रीन व स्टीफन इन्स ह्यांनी ह्या कौंटीतील स्वतंत्र कृष्णवर्णीयांवर १९८० मध्ये लिहिलेल्या ग्रंथाचे नाव ह्याच उद्गारावरून घेतले. उद्गार जिवंत आहे ह्यात शंका नाही. पण जबानीत आडनाव नाही. त्या कौंटीत त्या काळी अँथनी नावाचे एकाहून अधिक आफ्रिकी होते, म्हणून हा जॉन्सनच असे ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय हे बोल अँथनीने न्यायालयात सांगितलेले नाहीत. ते ऐकणाऱ्याने सांगितले, आणि लेखनिकाने लिहिले. एवढ्या हातांतून गेलेल्या वाक्यातही बोलण्याची लय टिकून राहावी, हे विशेष आहे. जबानीचा साचा ठरलेला असतो. ‘साक्षीदार सांगतो की’ ह्याने आरंभ, मध्ये ‘मजकूर’ व ‘सदरहू’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची पेरणी, आणि शेवटी ‘अथवा अशा अर्थाचे शब्द’ असा सावध समारोप. साचा जेथे फुटतो, वाक्य तृतीय पुरुषातून एकाएकी प्रथम पुरुषात येते, तेथे लेखनिकाच्या कानाने काही तरी पकडले असे समजण्यास जागा असते. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ मध्ये चाललेल्या चेटूकविषयक खटल्यांच्या कागदांची जी नवी आवृत्ती बर्नार्ड रोझेन्थल ह्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली २००९ मध्ये निघाली, तिच्या संपादकमंडळात भाषाशास्त्रज्ञ होते, आणि कोणता कागद कोणाच्या हातचा हे ठरवण्यावर त्यांनी मोठे श्रम घेतले. साक्षीदाराच्या बोलीविषयी काहीही म्हणण्यापूर्वी लेखनिकाची बोली वजा करावी लागते.

जॉन्सनच्या नावाशी जोडलेले दुसरे प्रकरण जॉन केसर ह्याचे. केसर हा जॉन्सनकडे राबणारा आफ्रिकी. आपण सात-आठ वर्षांच्या करारावर आलो, मुदत केव्हाच संपली, तरी जॉन्सन सोडत नाही, अशी तक्रार त्याने घरी आलेल्या कॅप्टन सॅम्युएल गोल्डस्मिथ ह्याच्याकडे केली. जॉन्सनचे म्हणणे, करारपत्र आपण कधी पाहिले नाही, केसर जन्मभरासाठी आपला आहे. घरच्यांच्या आग्रहाने जॉन्सनने त्यास सोडले. तो रॉबर्ट पार्कर ह्या शेजाऱ्याकडे गेला. मग जॉन्सनने दावा लावला, आणि मार्च १६५५ मध्ये न्यायालयाने केसरला त्याच्याकडे परत पाठवले. ‘अमेरिकेतील पहिला गुलाममालक कृष्णवर्णीय होता’ असे एक विधान ह्यावरून लोकप्रिय लेखनात फिरते. नोंद तसे म्हणत नाही. ह्यापूर्वी १६४० मध्ये जनरल कोर्टाने पळून गेलेल्या जॉन पंच ह्या आफ्रिकी सेवकास जन्मभराच्या सेवेची शिक्षा दिली होती, आणि त्याच्याबरोबर पळालेल्या दोन युरोपीयांस चार-चार वर्षांची वाढीव सेवा. कौंटी न्यायालयाची नोंद एका तंट्याचा निकाल सांगते. ‘पहिला’ हे विशेषण सर्व कौंट्यांची सर्व दप्तरे शाबूत असती तरच लावता आले असते. जॉन्सनचे कुटुंब पुढे मेरीलंडमध्ये गेले. १६७० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, व्हर्जिनियातील ज्यूरीने ठरवले की तो निग्रो होता, म्हणून परकीय होता, म्हणून त्याची जमीन राजाकडे जमा व्हावी. १६७७ मध्ये त्याच्या नातवाने मेरीलंडमध्ये चव्वेचाळीस एकरांचा तुकडा घेतला, त्याचे नाव त्याने ‘अँगोला’ ठेवले. आजोबाच्या मायभूमीविषयी ह्याहून जवळचा पुरावा मिळणे कठीण, आणि तो जमिनीच्या कागदात आहे.

मराठी अभ्यासकास ह्या ठिकाणी महजर व निवाडपत्रे आठवल्यावाचून राहणार नाहीत. विठ्ठल त्र्यंबक गुणे ह्यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील, डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ अशाच कागदांवर उभा आहे. साम्य उघड आहे. भेद अधिक बोधप्रद आहे. वतनाच्या तंट्यात घराण्याचा इतिहास हाच वादाचा विषय असे. पाटीलकीचा दावेदार गोतापुढे पिढ्यांचा करीना सांगे, तो सांगताना आपला हक्क सिद्ध व्हावा अशीच त्याची मांडणी असे. तेथे वंशावळ हेतुपुरस्सर सांगितलेली असते, आणि प्रतिवादीची वंशावळ तिला छेद देते. कौंटीच्या वहीत वंशावळ बहुधा अनवधानाने येते : गायीच्या मालकीच्या तंट्यात कोणी सांगून जातो की ती गाय माझ्या पत्नीच्या पहिल्या नवऱ्याने तिच्या मुलीस दिली होती. ज्या गोष्टीवर वाद नाही ती गोष्ट अधिक विश्वसनीय, हा नियम दोन्हीकडे लागू पडतो. पण महजरात वाद नसलेली गोष्ट शोधून काढावी लागते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या दप्तरांनी कुलवृत्तान्ताच्या क्षेत्रात एक मोठा बदल घडवून आणला. १६९१ च्या कायद्याने श्वेतवर्णीय स्त्रीस कृष्णवर्णीयापासून विवाहबाह्य मूल झाले तर तिला पंधरा पौंड दंड किंवा पाच वर्षे सेवा, आणि मुलास तीस वर्षांचे होईपर्यंत चर्चच्या कारभाऱ्यांमार्फत बांधून देणे, अशी शिक्षा ठरली. पॉल हाइनेग ह्या संशोधकाने व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना व शेजारच्या प्रदेशांतील अशा हुकमांच्या नोंदी वर्षानुवर्षे गोळा करून शेकडो स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबांच्या पिढ्या जुळवल्या. वसाहतकाळातील ही कुटुंबे मालकांनी मुक्त केलेल्या गुलामांची असावीत, अशी समजूत होती. त्यांतील बहुसंख्य कुटुंबांची मूळ स्त्री श्वेतवर्णीय सेवक होती, असे त्याच्या संकलनातून पुढे आले. कायद्याने जी मुले कलंक म्हणून वहीत चढवली, त्यांच्याच वंशजांस आज त्या नोंदीमुळे आपले पूर्वज नावानिशी सापडतात.

गुलामांच्या वंशजांचे काम ह्याहून पुष्कळ अवघड आहे. १८७० ची जनगणना ही मुक्त झालेल्या सर्वांस नाव व आडनाव देऊन मोजणारी पहिली जनगणना. तिच्या मागे जावयाचे तर मालकाच्या कागदांतून जावे लागते : मृत्युपत्र, मृताच्या मालमत्तेची यादी, गहाणखत, वारसांमधील वाटणीचा दावा. यादीत माणसाचे पहिले नाव असते आणि पुढे किंमत. वरच्या ओळीत घोडा असतो, खालच्या ओळीत नांगर. तरीही स्त्रीच्या नावापुढे तिचे तान्हे मूल एकत्र लिहिलेले असते, कारण त्या दोघांची किंमत एकत्र सांगितलेली असते. आणि मालकाच्या मृत्यूच्या वेळची यादी व वीस वर्षांनी त्याच्या मुलाच्या मृत्यूच्या वेळची यादी शेजारी ठेवली तर तान्हे मूल मोठे झालेले दिसते. वाटणीचे दावे पुष्कळदा वर्षानुवर्षे रेंगाळत, त्यामुळे त्यांत अशा याद्या एकाहून अधिक येतात. व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाने ह्या दाव्यांच्या कागदांची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर संगणकीय जालावर खुली केली आहेत. पूर्वी एकेका कौंटीच्या कचेरीत महिना महिना बसून जे होई ते आता घरबसल्या करता येते. मात्र सूचीत नाव नाही म्हणजे कागदात नाव नाही, असे मानू नये. सूची बहुधा वादी-प्रतिवादींच्या नावांची असते, आणि गुलाम हा वादी नव्हता, प्रतिवादीही नव्हता.

राहता राहिला नष्ट दप्तरांचा प्रश्न. व्हर्जिनियातील अनेक कौंट्यांची दप्तरे आगीत व युद्धात गेली. यादवी युद्धाच्या काळात काही कौंट्यांनी आपल्या वह्या सुरक्षिततेसाठी रिचमंड येथे पाठवल्या. एप्रिल १८६५ मध्ये त्या शहराच्या पाडावाच्या वेळी लागलेल्या आगीत त्या जनरल कोर्टाच्या दप्तरासह जळाल्या. वह्या न पाठवणाऱ्या कित्येक कौंट्यांची दप्तरे बचावली. बकिंगहॅम कौंटीचे न्यायालय युद्धातून वाचले आणि १८६९ मध्ये जळाले. अशा ठिकाणी अभ्यासकाने शेजारच्या कौंट्यांकडे वळावे. माणसे सीमा ओलांडून जमीन घेत, लग्ने करीत, साक्षी देत. १७८२ पासूनच्या जमीनकराच्या व जंगम मालमत्तेवरील कराच्या याद्यांच्या प्रती राजधानीकडे जात, त्या पुष्कळशा शिल्लक आहेत. त्यांवरून एखाद्या घरातील मुलगा केव्हा करपात्र झाला आणि बाप केव्हा दिसेनासा झाला हे वर्षावर्षाने पाहता येते. आगीनंतर लोकांनी आपल्याजवळची मूळ खरेदीखते व मृत्युपत्रे पुन्हा आणून नव्या वह्यांत नोंदवून घेतली, म्हणून जळालेल्या कौंटीतील पहिल्या नव्या वहीत शंभर वर्षांपूर्वीचा दस्त सापडू शकतो. ती वही चाळताना एक गोष्ट ध्यानात येते. पुन्हा नोंदवलेले दस्त जवळजवळ सर्व जमिनीचे आहेत. जबान्या, सेवकांच्या तक्रारी, वय ठरवण्याचे हुकूम, मुले बांधून दिल्याच्या नोंदी ह्यांची मूळ प्रत कोणाच्याही घरी नव्हती, म्हणून त्या पुन्हा आणून देण्यास कोणी आले नाही.